घास पेरला आणि पाण्याने वाहून नेला

मागच्या दिवाळीनंतर २ गुंठ्यांत घास पेरला. लसूणघास. खरं तर हे गवत नाही, मेथीच्या जवळचं द्विदल आहे, पण आमच्याकडे घास म्हटलं की हाच. एकरी १० किलोच्या हिशेबाने अर्धा किलो बी आणलं, राहुरीच्या विद्यापीठाचा आरएल-८८ वाण.

रात्रीची लाईट आली तशी मोटर चालू केली आणि ५ हॉर्सपॉवरचं अख्खं पाणी एकाच दाऱ्यावर सोडलं. वाफे चांगले ४० फूट लांब. बॅटरीच्या उजेडात पाणी सरसर शेवटाला पोचताना बघून बरंच वाटलं. सकाळी गेलो तर वाफ्याच्या तोंडाशी खळगे पडलेले, आणि शेवटच्या कोपऱ्यात गाळावर पिवळसर बियांची साय धरलेली.

त्यात आणखी एक शहाणपण केलं. परत भिजवलं तर बी कुजेल म्हणून आठ दिवस तिकडे फिरकलोच नाही. काळी जमीन, वरून उन्हाचा ताव; तिने पापडी धरली. खुरप्याच्या टोकाने एक खपली उचलली तर खाली कोंब मान मुडपून पिवळे पडलेले. उगवायला निघाले होते बिचारे, वरचं झाकण उघडलंच नाही.

आई बांधावर उभी राहून म्हणाली, "आंबवणी दिलीस का रे?"

आंबवणी म्हणजे पेरणी-लागणीनंतर तीन-चार दिवसांनी द्यायचं हलकं दुसरं पाणी. कांद्याची लागण झाली की ते मी कधी चुकवत नाही. घासाला ते का सुचलं नाही, कोण जाणे.

तो कोपरा तसाच ठेवून बाकीचं रान परत तयार केलं. थंडी वाढली की उगवण रेंगाळते, म्हणून घाई. या वेळी वाफे १० फुटांचे, फळी फिरवून सपाट केलेले. बी एक-एक फुटावर ओळीत, जेमतेम सेंटिमीटरभर खोल. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी ओलं गोणपाट अंथरलं, त्यावर उसाचं पाचट दाबलं आणि पाणी तीन दाऱ्यांत वाटून दिलं. "पळू देऊ नको त्याला," आईचं चालूच होतं. भिजायला दुप्पट वेळ लागला, पण बी जागचं हललं नाही.

चौथ्या दिवशी आंबवणी दिली, हलकीच, पापडी मऊ राहील एवढी. दोन दिवसांत ओळी दिसायला लागल्या. पुढे रोपं चार पानांवर आल्यावर हात आखडता घेतला. मूठभर माती दाबायची. लाडू वळला आणि टिचकीसरशी फुटला की वाफसा आहे, पाण्याची घाई नाही. थंडीत आठ-दहा दिवसांनी एक पाणी पुरलं.

पहिली कापणी ५५ व्या दिवशी. नुसता हिरवा घास घातला तर गायीचं पोट फुगतं, म्हणून कडब्याच्या कुट्टीत मिसळून घातला. कोपऱ्यातला तो दाट पुंजका त्याआधीच विळ्याखाली गेला होता. त्याला आई अजून 'तुझी पेरणी' म्हणते.