घसा बसला तेव्हा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी हलली आणि रायमोह्याला पोचेपर्यंत माझा घसा पार बसला. दिंडीत मी टाळकरी, त्यात वरच्या पट्टीत चाल उचलायची हौस. हळद झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. तोंडातून नुसती हवा निघायची.

दिंडीचे चालक आबा म्हणाले, "नुसते ओठ हलवू नको. गळा गेला, खांदे हैत ना? पाण्यावर जा."

म्हणजे टँकरवर. मुक्कामी ड्रम भरायचे, स्वैपाकाला हंडे पोचवायचे.

पाणी वाहताना पैठणच्या नाथवाड्यातला रांजण आठवणारच. देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं नाथांघरी कावडीनं गोदेचं पाणी भरत होता, ही कथा आम्ही पाळण्यात ऐकलेली. नाथषष्ठीला त्या रांजणात मीही कळशी ओतलीये. पण एक गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. देवघरात नाथ ज्याला आळवत होते, तो मागच्या दारी कावड उतरवत होता, आणि बारा वर्षांत एकदाही 'मीच तो' म्हणाला नाही.

माझी प्रार्थना म्हणजे अर्ज. पोराची नोकरी, सोयाबीनला पाऊस, डावा गुडघा. सांगायचं आणि पोचही न घेता उठायचं. वाटलं होतं, तोंड बंद झालं की मनही गप बसेल. कुठलं! अर्जाला पुरवण्या जोडल्या गेल्या. पारगाव घुमऱ्याच्या रिंगणात अश्व धावला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पळाले आणि मी टँकरजवळ उभा राहून गुडघ्याचंच सांगत होतो.

पाटोद्याला रात्री पाइप धरून बसलो होतो. रिकाम्या ड्रममध्ये पाणी आधी ढोलासारखं घुमतं, मग भरत जाईल तसा आवाज बारीक होत जातो. तो ऐकता ऐकता अर्ज कधी थांबला कळलं नाही. आणि मनात आलं, दादाला फोन कर.

उजेड नाही, अंगावर काटा नाही. ड्रम वाहिला, चप्पल भिजली, एवढंच.

दादाशी तीन वर्षं बोलणं नाही. बांधावरून. दोनदा मोजणी झाली, आणि खरं सांगायचं तर बांध माझ्याच नांगरानं सरकला होता.

सकाळी आबांना हे सगळं कागदावर लिहून दाखवलं, खाली विचारलं : हा विठ्ठल का माझंच मन?

"ते मनात आलं तवा बरं वाटलं का तुला?"

मी मान हलवली. नाही.

"बरं वाटलं असतं तर म्हणलो असतो, मनाचे खेळ हैत. आता खर्ड्यापर्यंत थांब. तरी तेच येत राहिलं तर कर."

आबांची कसोटी मला पुरती पटलेली नाही. बोचेल ते सगळं देवाचं धरलं, तर रात्ररात्र स्वतःला कोसणाऱ्यानं काय करायचं? पण यात कोसणं नव्हतं. एक काम होतं, तेही नंबर पाठ असलेलं. दिघोळला आलं, वाटेत आलं, खर्ड्याला राहुटी ठोकतानाही आलं.

फोन लागला. "हॅलो," दादा म्हणाला. माझ्या तोंडून खरखर. पलीकडे गोठ्यातली साखळी वाजली. त्यानं फोन ठेवला नाही.

"आवाज बसला व्हय? दर वारीला तुझं हेच. कुठवर आलाव?"

'खर्डा' म्हणायला गेलो, खोकला आला.

"बोलू नको. ऐक. काल सांजच्याला चांगला पडला. वाफसा आला की पेरतो. तुझ्याबी रानात तिफण फिरवू का?"

मी पुन्हा तोंड उघडलं.

"बरं, फिरवतो," दादा म्हणाला.