घरच्या कॉम्प्युटरवर एक गाणं पूर्ण करताना

स्वतः चाल बांधलेलं एक गाणं घरीच शेवटच्या फाइलपर्यंत न्यायचं, असं मी ठरवलं होतं. गळा, गिटार, खाली थोडा बेस आणि पियानोची मोजकी साथ, एवढाच पसारा. या कामात माझं एक मत पक्कं झालं : गाणं बनतं ते माइकच्या अलीकडे. माइकमध्ये जे शिरलं त्याची निगा सॉफ्टवेअर राखतं, पण जे शिरलंच नाही ते त्याला आणता येत नाही. म्हणून इथे खोलीबद्दल जास्त आणि प्लगइनबद्दल, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-प्रोग्रॅमबद्दल, कमी लिहिते आहे.

सामान थोडंच होतं. एक कंडेन्सर माइक, माइक कॉम्प्युटरला जोडणारी दोन इनपुटची पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि छोटा मिडी कीबोर्ड (दाबलेल्या पट्ट्यांची नोंद कॉम्प्युटरला पाठवणारा). कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच पुरवलेली वीज, लागते, ती इंटरफेसच देतो. फक्त आवाज टिपून कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरतं. मला ऑडिओ आणि मिडीचे बरेच ट्रॅक एकत्र हवे होते, म्हणून मी रीपर निवडलं. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं यावर लोक फार वेळ घालवतात. एक घ्यावं आणि त्याचे शॉर्टकट बोटांत बसू द्यावेत, असं मला वाटतं.

पहिला अडथळा आला तो उशिराचा. गायलेला सूर कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत मागे पडायचा. याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाज सलग हाताळत नाही, थोडे थोडे नमुने गोळा करून गठ्ठ्याने हाताळतो. त्या गठ्ठ्याचं माप म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर १,०२४ नमुन्यांचा ठेवला, तर एका गठ्ठ्यालाच २१ मिलिसेकंद जातात. आवाज आत घेताना एकदा, बाहेर सोडताना पुन्हा एकदा. बफर १२८ वर आणला की एक गठ्ठा ३ मिलिसेकंदांच्याही आत येतो, पण प्रोसेसरवर ताण पडतो आणि ट्रॅक वाढले की आवाजात कडकड ऐकू येते.

हवेत आवाज १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःला ऐकण्याइतका. गिटार वाजवताना मला तो चालला, गाताना नाही. गाताना आपला आवाज हाडांमधून कानाला त्याच क्षणी पोचलेला असतो. त्यात हेडफोनमधला मागाहून आलेला आवाज मिसळला की सूर पोकळ होतो आणि गळा नकळत ताणला जातो. इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगच्या बटणाने हे सुटलं. माझा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येऊ लागला. पुढे रेकॉर्डिंगच्या वेळी बफर लहान आणि मिक्सिंगच्या वेळी मोठा, हीच पद्धत ठेवली.

मग खोली. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर मागून धातूसारखा बारीक तर्र आवाज यायचा. समोरासमोरच्या मोकळ्या भिंतींमध्ये आवाज आपटत राहतो, त्याचा हा परिणाम. कान खोलीला सरावलेले असल्याने एरवी तो जाणवत नाही, पण माइक काहीच सोडत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये बसलेली खोली नंतर वेगळी काढणं फार कठीण. भिंतीला पातळ फोम चिकटवून फक्त वरच्या पट्टीचे आवाज शोषले जातात. १०० हर्ट्‌झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, बोटभर जाडीच्या फोमने तिला काही होत नाही. मी जाड गोधड्या वापरल्या, आणि त्या टांगल्या माझ्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सर्वांत कमी. गायकाकडे तोंड केलेल्या माइकला गायकाच्या मागची भिंत सरळ दिसत असते. याच कारणाने कॉम्प्युटरचा पंखा माइकच्या बरोबर पाठीशी येईल अशी मांडणी केली. पंख्याची घरघर लक्षणीय कमी झाली, आणि तीही कुठलंही प्लगइन न लावता.

गिटारला माइक कुठे लावायचा हे शोधण्यात मी मनापासून रमले. नवखे लोक तो सहसा भोकासमोर धरतात. तिथून हवेचा जाड हुंकार येतो आणि तारांचा तपशील बुडतो. मी बाराव्या फ्रेटसमोर, वीतभरापेक्षा थोडं लांब, असा माइक ठेवला आणि मग बोटाच्या रुंदीइतका हलवत हेडफोनमध्ये ऐकत राहिले. एवढ्याशा हलण्याने आवाजाचा पोत बदलतो. ईक्यूने (खालच्या-वरच्या पट्ट्या कमीजास्त करणाऱ्या साधनाने) तासभर झटून मिळणार नाही ते इथे मिळतं.

गळ्याच्या बाबतीत अंतर हेच हत्यार. कार्डिऑइड माइकच्या अगदी जवळ गेलं की खर्ज फुगतो. कडव्याच्या कुजबुजत्या ओळींना तो शोभला, ध्रुवपदात मी मागे सरकले. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा वारा थेट लागू नये म्हणून पॉप फिल्टर लावला आणि माइक ओठांच्या रेषेपासून किंचित तिरका केला. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते माप, बेताचा ठेवला. डिजिटल मोजपट्टीवर शून्य डेसिबल हे छत, सगळं त्याच्या खाली उणेमध्ये मोजतात. सगळ्यात जोराची ओळ उणे १० डेसिबलच्या आसपास पोचली तरी पुरे. २४ बिटच्या (प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवायचा त्याचं माप) रेकॉर्डिंगला तळाशी एवढी जागा असते की हळू टिपलेला आवाज पुढे निर्धास्त वाढवता येतो. शून्याच्या वर गेलेला आवाज मात्र कापला जातो आणि तो परत येत नाही.

ओळी अनेकदा गाऊन त्यांतले चांगले तुकडे जोडण्याला कॉम्पिंग म्हणतात. इथे मी एक नियम पाळला : तुकडा ओळीपेक्षा लहान नको. शब्द शब्द निवडून जोडलं की सूर नेमके लागतात, पण श्वासांचा क्रम मोडतो आणि ओळीमागचं माणूस हरवतं. सूर सुधारणारं ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींच्या विश्लेषणावर काम करत होते, हे मला फार सुंदर वाटतं. तरीही बेसूर ओळ मी पुन्हा गायले. गळा ताजा असताना ते अधिक लवकर होतं.

पियानो आणि बेस मिडीवर वाजवले. मिडीत आवाज नसतो, कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली एवढीच नोंद असते. त्यामुळे चूक सुटी करून दुरुस्त करता येते. क्वांटाइझ, म्हणजे सूर आपोआप तालाच्या रेघांवर सरकवणं, पूर्ण लावलं की सगळे सूर त्या रेघांच्या ग्रिडवर जाऊन बसतात आणि साथ कडक होते. मी ते अर्ध्यावर ठेवलं. बेस थोडा मागे रेंगाळतो तो तसाच राहू दिला, कारण गिटारही तशीच वाजली आहे.

मिक्सिंग पटकन उरकलं. आधी फक्त फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी), आवाज मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा एकत्र, आणि अगदी हळू. हळू आवाजात शब्द कळले तर तोल बरोबर आहे. मग गिटारमधला १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग काढला, गळ्याला हलका कॉम्प्रेसर (मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करणारा) लावला आणि सगळ्यांना एकच रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, दिला, म्हणजे सारे एका जागेत बसल्यासारखे वाटतात. आवाज मोठा करण्याच्या शर्यतीत पडले नाही. स्पॉटिफाय साधारणपणे गाणी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आसपास आणून ऐकवतं, त्यामुळे चढवून दाबलेलं गाणं तिथे खालीच आणलं जातं आणि दाबल्याचं नुकसान तेवढं राहतं. शिखर उणे १ डेसिबलवर थांबवलं.

शेवटी २४ बिटची वेव्ह फाइल काढली. शिवाय प्रत्येक ट्रॅक कोणताही परिणाम न लावता, गाण्याच्या शून्य सेकंदापासून वेगळा काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवला. प्लगइन उद्या चालेनासं झालं तरी या फाइल कुठल्याही प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक टाकल्या की आपापल्या जागी बसतात. ध्रुवपदातला दुसरा आवाज मला अजून गायचा आहे, तो याच फाइलींवर गाईन.