गच्चीवरचा सूर्यमित्र

आज मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसले. बसवणारा मुलगा आयटीआयचा वायरमन, पुढे सूर्यमित्र, म्हणजे सोलर पॅनेल बसवण्याचं आणि दुरुस्तीचं, प्रशिक्षण घेतलेला. केंद्र सरकारची ही योजना 2015 ची. 600 तासांचं, राहण्याजेवण्यासकट मोफत शिक्षण. पॅनेल दक्षिणेकडेच का, कल मुंबईच्या अक्षांशाइतका, साधारण 19 अंश का, अर्थिंग कशासाठी, सगळं त्यानं न कंटाळता समजावलं. सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय कठड्याजवळ गेला नाही, हे मला फार आवडलं.

पीएम सूर्यघर या घरांच्या छतावर सोलर बसवण्याच्या केंद्राच्या योजनेचं लक्ष्य 1 कोटी घरांचं. असे किती हात लागतील! तरी हा मुलगा रोजंदारीवर, पावसाळ्यात तीही तुटक. एवढं शिकवलेल्या मुलाला कायम पगार मिळायलाच हवा. पीएफ असलेलं सोलरचं काम माहीत असेल तर कळवा, मी त्याला निरोप देतो.