डिकी, गुडघे आणि चार मीटर

पुण्यात गाडी घ्यायची ठरली की आधी अ‍ॅव्हरेज, मग पार्किंग, मग रीसेल, या क्रमाने चर्चा होते. आमच्या घरात मात्र वाद पेटायचा तो डिकीवरून.

काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती. सगळे तिला फियाटच म्हणायचे. पुढे सलग बाकासारखं सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढे तिघं आणि मागे मावतील तेवढे. डिकीत वळकटी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन. डिकी नाही ती गाडीच नव्हे, हा काकांचा सिद्धांत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा ते म्हणाले, "मागून कापल्यासारखी दिसते रे." दिसायची खरी. पण शनिवारातल्या बोळात ती सुखाने वळायची, आणि पेठेत राहणाऱ्याला आणखी काय हवं?

नव्वदच्या दशकात मारुतीची एस्टीम वगैरे डिकीवाल्या गाड्या आल्या आणि डिकीचा भाव पुन्हा वधारला. डिकीवाली गाडी दारात आली की मुलगा मार्गी लागला, असं सोसायटीत धरलं जाई. मग सरकारने टेप काढली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. कंपन्यांनी काय करावं? डिकी ठेवली, फक्त शेपूट छाटलं. २००८ची इंडिगो सीएस, २०१२ची नवी डिझायर. डिझायर भरपूर खपली, आमच्याही घरी आली. पण बाजूने पाहिलं की घाईत आवरलेल्या वाक्यासारखी वाटते, हे मी आजही म्हणेन.

डिकीचं राज्य खरं संपवलं ते गुडघ्यांनी. सेडानमध्ये, म्हणजे डिकीवाल्या बुटक्या गाडीत, बसणं सोपं; उतरताना मावशी आधी दाराला धरते, मग देवाला. उंच गाडीत सीट कमरेच्या पातळीला येतं. चढायचं नाही, वाकायचं नाही, नुसतं टेकायचं. शिवाय आपले स्पीडब्रेकर! काही सोसायट्यांनी ते गाड्यांसाठी घातलेत की गिर्यारोहणासाठी, कळत नाही.

गंमत म्हणजे असली उंच, खोक्यासारखी गाडी पुण्याला नवी नाही. टाटांची सुमो १९९४ची, टाटांच्या मोटार कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून नाव ठेवलेली. पण ती लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा अष्टविनायकाला भाड्याने आणायची. स्वतःची म्हणून घ्यायची, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता नेक्सॉन, ब्रेझा दर दुसऱ्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत, आणि त्यांची लांबीही चार मीटरच्या जरा आतच.

भाच्याने सध्या चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ मनात धरली आहे. विजेवर चालते, पुढे इंजिन नाही, म्हणून बॉनेटखालीही सामानाला थोडी जागा. काका खूश: दोन डिक्या! पण पैसे मावशीही घालणार आहे, तेव्हा रविवारी शोरूमला तिला घेऊन जायचं आहे. ती आधी पाचदा बसून उतरणार, मग बोलणार.