सात आदार: कपाट आणि वही

आज ज्यू पंचांगातल्या आदार महिन्याची सातवी तिथी, मोशे रब्बेनूंचा, म्हणजे मोझेसचा, स्मृतिदिन. त्यांचं दफन खुद्द देवाने केलं असं तोरामध्ये, आमच्या धर्मग्रंथात, आहे, म्हणून जगभरच्या कितीतरी हेव्रा कादिशांनी, म्हणजे मयताचं काम करणाऱ्या मंडळ्यांनी, हा दिवस आपला मानला. दिवसा उपास, मृतांच्या सेवेत काही उणं राहिलं असेल तर त्यांची माफी, रात्री एकत्र जेवण. आम्हा बेने इस्राएलांपैकी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, बहुतेक जण १९४८ नंतर इस्राएलला गेले. इथे भारतात उरलेल्यांनी या दिवशी आणखी एक काम करायलाच हवं. सिनेगॉगमधलं, आमच्या प्रार्थनामंदिरातलं, कपाट आणि वही तपासायची. दुःखाच्या वेळी घरच्यांना एकही प्रश्न विचारावा लागू नये, यासाठी ही दोन्ही.

कपाटात कफनाचे संच. पांढरं सुती कापड, खिसा नाही, कुठे गाठ नाही. पट्ट्या पिळून खोचायच्या. पुरुषाला टोपी, विजार, सदरा, वरचा झगा, कमरपट्टा, आणि एक झालर कापलेला तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल. श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखंच. पूर्वी दफनाचा खर्च इतका वाढला होता की नातलग मयत टाकून पळत. तेव्हा प्राचीन धर्मगुरू रब्बान गमलिएलांनी स्वतःसाठी साधं कापड मागितलं आणि पुढे तीच रीत पडली. संच मोजताना मापं बघावीत. लांबल्या आजारात अंगाला सूज येते, मग नेहमीच्या मापाचा सदरा खांद्यात अडतो. पुरुषांचा आणि बायकांचा निदान एकेक मोठा संच हवाच.

तहारासाठी, म्हणजे मृताला विधीने स्नान घालायला, चार-पाच जण पुरतात. पुरुषांना पुरुष, बायकांना बायका. आधी कोमट पाण्याने, डोक्यापासून पायाकडे, उजवी बाजू पहिली. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवायचा. देहावरून हात लांब करून कुणी कुणाला वस्तू देत नाही, वळसा घालून जायचं. मग नऊ काव (जुनं माप) पाणी, साधारण २३ लिटर, एका सलग धारेत. पहिली बादली संपण्याआधी दुसरीची धार सुरू झाली पाहिजे. मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. खंड पडतो तो बहुतेक वेळा बादल्यांमुळे. घरातली वीस लिटरची बादली उचलून एका लयीत ओतता येत नाही. आठ-आठ लिटरच्या तीन ठेवाव्यात. देहाखाली लाकडी पट्ट्या हव्यात, नाहीतर पाठ कोरडी राहते.

घाई शुक्रवारी होते. सूर्यास्तानंतर शब्बात, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, लागला की दफन थेट रविवारी. म्हणून हॉस्पिटलमधून नमुना ४ (मृत्यूच्या कारणाचा दाखला), घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरकडून नमुना ४-अ, हे मृताच्या मुलाने नव्हे, मंडळीतल्या एकाने आणायचं. दफन होईपर्यंत मुलाला नमाजाचंही, म्हणजे रोजच्या प्रार्थनेचंही, बंधन नसतं. त्याला रांगेत उभं करणं मला क्रूर वाटतं.

आता वही. प्रत्येकाचं हिब्रू नाव, वडिलांचं आणि आईचं. तोरा वाचताना आजाऱ्यासाठी ‘मी शेबेराख’ ही प्रार्थना म्हणतात, त्यात आईचं नाव लागतं; मृतासाठी वडिलांचं. हॉस्पिटलच्या कागदावर फक्त पेणकर, दिवेकर असतं. आयसीयूबाहेर बसलेल्या बायकोला सासूबाईंचं हिब्रू नाव विचारायची वेळ येऊ नये.

आजाऱ्याच्या भेटीला जवळच्यांनी लगेच जावं, इतरांनी तीन दिवसांनी. आजार गंभीर असेल तर सगळ्यांनीच लगेच. सकाळचे पहिले तीन तास टाळावेत, कारण तेव्हा रोगी बरा दिसतो आणि भेटणारा प्रार्थना विसरतो. शेवटचे तीनही टाळावेत, तेव्हा इतका खचलेला दिसतो की आशा सुटते. हॉस्पिटलची वेळ नेमकी तीच असेल तर जावंच, पण दहा मिनिटं. पोटाचा आजार असेल तर बाहेरूनच चौकशी करावी, त्याला लाज वाटते. जुन्या काळचे धर्मगुरू रब्बी अकिवा आजारी शिष्याकडे गेले तेव्हा खोली झाडून घेतली, पाणी शिंपडलं. तो शिष्य म्हणाला, तुम्ही मला जगवलंत. भेट म्हणजे एवढं काम. औषधांचे सल्ले नकोत. बरं वाटलं की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मलिदा: अर्धा किलो जाड पोहे, एक नारळ, साखर, वेलची, सोबत फळं. पोहे नुसते धुवायचे, भिजत ठेवले की लगदा होतो.

दफनावरून आल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी आपलं खायचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं: अख्खा मसूर आणि उकडलेली अंडी. मसुराला तोंड नसतं, तसं शोकात बसलेल्यालाही बोलायला तोंड नसतं. तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. बिघडतं ते इथेच. शांतता सहन न होऊन लोक स्वतःच्या घरच्या मृत्यूंच्या गोष्टी काढतात, आणि घरच्या सुना चहा करत बसतात. चहाचा थर्मास आणि कप पाहुण्यांनीच न्यावेत.

सगळ्यांत अवघड आहे मिन्यान, म्हणजे प्रार्थनेसाठी लागणारी दहा जणांची संख्या. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष नसतील तर कद्दिश, म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. शिवा म्हणजे शोकाचे सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, घरी. दहा हवेत तर चौदा जणांना सांगावं. लोकल अडकते, कुणाची शिफ्ट बदलते. तरीही नऊच जमले तर तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचावेत, पण शोकातल्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये. आठव्या दिवसापासून माणसं पांगतात, आणि आई-वडिलांसाठीचा कद्दिश तर अकरा महिने चालायचा असतो. (बारा नाही, कारण पूर्ण वर्षाचा न्याय फक्त दुष्टांचा होतो.) म्हणून वहीतच पुढच्या महिन्यांची पाळी लावून ठेवावी: कोण त्याला शनिवारी सिनेगॉगला घेऊन येणार, कोण शेजारी बसणार.

आणि मृत्यूची वेळ लिहिताना सूर्यास्ताआधी की नंतर, हे त्याच दिवशी नोंदवावं. हिब्रू दिवस संध्याकाळी बदलतो. सूर्यास्तानंतरच्या मृत्यूला नुसती इंग्रजी तारीख लिहिली, तर पुढच्या सगळ्या वार्षिक तिथ्या एक दिवस आधी पडतात.