२० न्यूटन गेले कुठे?

भाची अकरावीत गेल्यापासून रविवारी सकाळी आम्ही दोघी बल आणि त्वरणाची गणितं सोडवायला बसतो. गेल्या खेपेला एकाच गणितात पाऊण तास गेला, आणि तो वेळ मला फार मोलाचा वाटला, म्हणून लिहून ठेवतेय.

गणित साधं होतं. अगदी गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा आणि २ किलोचा असे दोन ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवलेत. ३ किलोच्या ठोकळ्याला मागून २० न्यूटन बलाने ढकललं. त्वरण किती? आणि पहिला ठोकळा दुसऱ्याला किती बलाने ढकलतो?

त्वरण तिने चटकन काढलं. दोन्ही मिळून ५ किलो, बल २०, म्हणजे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. दुसऱ्या प्रश्नावर म्हणाली, "वीसच की गं मावशी. मी वीसने ढकलतेय, तर तेच पुढे पोचणार ना?"

मीही तिच्या वयात हेच उत्तर लिहिलं होतं. वहीवर लाल फुली आली आणि शेजारी नुसता ८ चा आकडा. २० चे ८ कसे झाले, उरलेले १२ कुठे गेले, हे कुणी बोललं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. ती फुली मला अजून आठवते.

मी तिला चित्रातला पहिला ठोकळा हाताने झाकायला सांगितला. "आता फक्त दुसरा काढ. त्याला कोण कोण शिवतंय?" टेबल खालून, पहिला ठोकळा मागून. शिवाय न शिवता खाली ओढणारी पृथ्वी. बस्स. "आणि तुझा हात?" ती थांबली. तिचा हात त्या ठोकळ्याला शिवतच नव्हता! मग २ किलोला ४ चं त्वरण द्यायला किती बल लागेल? ८. पहिल्या ठोकळ्यावर पुढून हेच ८ न्यूटन उलटे येतात, म्हणून त्याच्या वाट्याला २० वजा ८, म्हणजे १२ उरतात, आणि ३ किलोला ४ चं त्वरण द्यायला नेमके १२ च लागतात. हरवलेले १२ सापडले.

मग मी तिला दुसऱ्या बाजूने ढकलायला लावलं. त्वरण तेच ४, पण आता मधलं बल १२, कारण पुढे ३ किलोचा ठोकळा आहे. सूत्र पाठ करून ही गोष्ट हाती लागत नाही. एकेक वस्तू सुटी काढून, प्रत्येक बाणाला "कोणाचं बल, कोणावर?" असं विचारलं की लागते. ज्या बाणाला उत्तर नाही तो खोडायचा. 'वस्तुमान गुणिले त्वरण' असा वेगळा बाणही काढायचा नाही. तो सगळ्या बाणांच्या बेरजेचा परिणाम आहे, आणखी एक बल नव्हे. ही चूक मी खूप वह्यांत पाहिली आहे.

दोरीच्या गणितात तोच गोंधळ वेगळ्या रूपात येतो. ३ किलोचा ठोकळा गुळगुळीत टेबलावर, दोरी कप्पीवरून खाली आणि टोकाला २ किलो लटकलेले. दोरीतला ताण किती? बहुतेक मुलं लटकत्या वस्तूचं वजन लिहितात, १९.६ न्यूटन. पण ताण वजनाइतकाच असेल तर ती वस्तू वेग घेईलच कशी? खरा ताण ११.७६, आणि त्वरण ३.९२. उत्तर आलं की मी तिला टोकाची कल्पना करायला सांगते: टेबलावरचा ठोकळा जवळजवळ शून्य वजनाचा असेल तर? मग लटकलेली वस्तू मोकळी पडल्यासारखी पडायला हवी, ९.८ ने. सूत्र तसं सांगत नसेल तर मागे जाऊन चूक शोधायची.

दोन्ही बाजूंना वस्तू लटकवलेली कप्पी मात्र तिला उगाच रचलेली वाटायची. तिचं खरं काम ऐकल्यावर मत बदललं. जॉर्ज अ‍ॅटवुड या इंग्रज गणितज्ञाने १७८४ मध्ये या यंत्राचं वर्णन छापलं. मोकळी पडणारी वस्तू इतकी झपाट्याने वेग घेते की मोजणं अवघड. पण एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला २ किलो असले, तर त्वरण मूळच्या एक पंचमांशावर येतं, आणि गतीचे नियम सावकाश पडताळून पाहता येतात.

शेवटचं गणित घर्षणाचं. १० किलोचा खोका, स्थितिक घर्षणाचा, म्हणजे खोका हलण्याआधीच्या घर्षणाचा, गुणांक ०.४, आडवं बल २० न्यूटन. तिने गुणांकाला खोक्याच्या ९८ न्यूटन वजनाने गुणून घर्षण ३९.२ काढलं, वजाबाकी केली, त्वरण उणे १.९२ आलं. मी काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, "मावशी, हा खोका माझ्याच अंगावर येतोय." मला इतका आनंद झाला! ३९.२ ही घर्षणाची कमाल मर्यादा. तिथे पोचेपर्यंत आपण जेवढं ढकलू तेवढंच ते असतं. तिने खोडून २० लिहिलं, त्वरण शून्य.

"आणि चाळीसने ढकललं तर?"

तर हलेल. चालत्या खोक्यासाठी गुणांक ०.३ घेऊ म्हटलं. तिने खोका पुन्हा सुटा काढला, चार बाण काढले, प्रत्येकावर कोणाचं बल ते लिहिलं. घर्षण २९.४, उरले १०.६, त्वरण १.०६. मग पेन्सिल खाली ठेवून तिने विचारलं, की हलण्याआधी ३९ पर्यंत अडवून धरणारं घर्षण हलल्याबरोबर एकदम कमी का होतं. पुढचा रविवार त्यासाठी राखून ठेवलाय.