आमची वाटचाल : आधी ब्रेक, मग इंजिन

बेळगावात उद्यमबागेत आमचं गॅरेज आहे. बाबांनी सुरुवात केली ती एका जुन्या लेथवर. आजूबाजूला फाउंड्र्या आणि मशीनशॉप, त्यांचं जॉबवर्क मिळायचं. मग टेम्पोवाले ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबे, घेऊन येऊ लागले. ड्रम टर्निंग करायचं, म्हणजे त्याची आतली बाजू लेथवर सारखी करायची, आणि ड्रमला आतून दाबणाऱ्या शूला नवं लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, ठोकायचं. हळूहळू जॉबवर्क मागं पडलं आणि दुकान ब्रेकचंच झालं.

इंजिन बदलायची कामं माझ्या काळात आली. जुन्या महिंद्रा पिकअपला प्युजोचं २११२ सीसी इंजिन. अजून चालतं, पण पार्टसाठी दहा दुकानं फिरावी लागतात. मालकांना त्याजागी २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन हवं असतं. काम चांगलं, पैसाही बरा. पण पहिल्यापासून आमचं ठरलेलं आहे : ब्रेक आधी, इंजिन नंतर. हे न पटून गाडी दुसरीकडे नेणारे खूप झाले. जाऊ दिलं.

आपल्या भागातला माल कुठल्या दिशेनं जातो ते बघा. बेळगावची भाजी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यात जाते. गाडी भरलेली असते ती उताराला, आणि चढावर परत येते ती रिकामी. निपाणी-संकेश्वरच्या गाड्यांना तवंदी घाट आहेच. नवं इंजिन आलं की सपाटीवर ४० नं चालणारी गाडी ६० नं पळते. वेग दीडपट झाला, पण थांबवताना ब्रेकमध्ये जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. वर माल वाढवायचा मोह होतो तो वेगळाच.

एक भाजीवाले मामा म्हणाले, "काय ओ मालक, ब्रेक लागतोय की! मग त्यात पैसे कशाला घालू?" त्यांच्यासमोरच पुढचं चाक काढलं, ड्रम उतरवला. आतल्या बाजूवर निळसर डाग पडलेले. लायनर काळं, चकचकीत, नखानं ओरखडा उठेना. ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, फुगतो आणि लायनरपासून लांब सरकतो. वर लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. सकाळी बाजारात ठीक लागणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर पेडल खाली सोडतो तो यामुळेच. मामांनी ड्रमवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "करून टाका."

स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) आणि रिम मानत असेल तर पुढं ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, बसवतो. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते. पण नुसती डिस्क लावून भागत नाही. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं, म्हणून पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही जुळता हवा. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये लाईनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. मागच्या चाकांचं प्रेशरही मालाच्या वजनाप्रमाणे बसवावं लागतं, नाहीतर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते. गंजलेले पाईप आम्ही जोडत बसत नाही, स्टीलचे नवे घालतो. ब्रेकचं तेल डॉट ४ दर्जाचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. आपल्याकडचा पावसाळा बघता ते वेळेवर बदलायलाच हवं.

इंजिन बदलताना हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिनात, पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागच्या पंपातून येतो. जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाबरोबर पंप आलाच नाही, किंवा आला आणि कमजोर निघाला, तर पेडल दगडासारखं होतं. म्हणून इंजिन गाडीत उतरवण्याआधी आम्ही पंपाला गेज लावून बघतो.

कागदांचं काम माझी बायको बघते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय आमच्याकडे इंजिनाचा बोल्ट सुटत नाही.

बाबा आता कामाला येत नाहीत, पण तो लेथ आहे. आयटीआयची पोरं त्याच्यावर ड्रम घेतात, आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापुढं गेला तर सरळ भंगारात टाकतात. गिऱ्हाईक कितीही म्हणो, "अजून एक कट मारा की". परत गेलेल्यांपैकी काहीजण नवं इंजिन बसवून, पण ब्रेकसाठी, पुन्हा आमच्याकडेच आले. त्यांचीही कामं मनापासून केली.

मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, गर्दी फार असते. तेव्हा जमल्यास आधी या. आणि येताना भरलेल्या गाडीची काट्याची पावती घेऊन या. मागचा ब्रेक त्या वजनावरच बसवायचा असतो.